पंजाबरावांची जर्मन

लोणारच्या कोसभर अलीकडच्या गावात जर्मन भाषा येणारा माणूस एकच होता. त्याला ती येत होती म्हणजे सत्तर-ऐंशी शब्द येत होते, आणि त्यातला एकही शब्द भल्या माणसाशी बोलायच्या लायकीचा नव्हता. ही गोष्ट खुद्द पंजाबरावांशिवाय कुणालाच माहीत नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी ती पोटात ठेवली, आणि चाळीस वर्षं त्या शब्दांच्या जोरावर गावात मिशीला पीळ देत वावरले.

झालं असं होतं, की एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडून ते बुलढाण्याला भरतीत उभे राहिले. पलटणीच्या सामानाच्या गाड्यांवर त्यांना घेतलं. आफ्रिकेच्या वाळवंटात एका सकाळी सगळ्या गाड्या वेढल्या गेल्या आणि पंजाबराव हात वर करून खाली उतरले. आधी इटलीत ठेवलं, मग जर्मनीत. तिथे तारेच्या कुंपणाआड तीन हिवाळे काढले. पहाटे रांग, संध्याकाळी पोटाशी वाडगं धरून रांग. आपला नंबर खणखणीत सांगायचा, टोपी काढायची, छाती पुढे आणि डोळे समोर. नंबर सांगताना अडखळला की कानाखाली. दिवसभर रेल्वेचे रूळ उचलायचे, आणि हात थांबला की पाठीमागून एकच शब्द यायचा : लोस. म्हणजे चल, हल, हो पुढे. तीन वर्षांत त्यांनी हा शब्द जितक्यांदा ऐकला, तितक्यांदा स्वतःचं नावही ऐकलं नव्हतं.

शेहेचाळीस साली गावात परतले तेव्हा पारावर माणसं जमली. तिकडे काय खाल्लं, कसं राहिलास, असं विचारायला लागली. पंजाबरावांनी खरं सांगायला तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललं, "धरला गेला म्हंजे बायकावानी हात वर केले असतीन ना बे?" चारजण हसले. झालं. पंजाबरावांनी उघडलेल्या तोंडातून भलतंच बाहेर पडलं. म्हणे, एका जर्मन कप्तानाने त्यांची घोड्यांची पारख पाहिली आणि थेट घरी नेऊन ठेवलं. जेवायला टेबल, टेबलावर पांढरं फडकं, आणि मेमसाहेब स्वतःच्या हाताने पावाला लोणी लावून द्यायची. जर्मन भाषा तिनेच शिकवली.

गावाने ते गिळलं. एकदा सांगितलेलं खोटं बायकोच्या माहेरच्या माणसांसारखं असतं, आलं की जेवू घालावंच लागतं. लग्न झालं, झुंबरबाई घरात आली, तिलाही तेच ऐकवलं. तिच्या हातची भाकरी जरा करपली की हा गृहस्थ म्हणायचा, "जर्मनीत असली भाकर मेम कुत्र्याले टाकायची." पस्तीस-छत्तीस वर्षं झुंबरबाईने कधी न पाहिलेल्या त्या बाईशी संसारात बरोबरी केली, आणि प्रत्येक जेवणाला हरली.

बैलांनाही त्यांनी जर्मन शिकवली होती. तिफण असो की गाडी, पराणी न उगारता पंजाबराव नुसतं "लोस" म्हणत आणि बैल चालू लागत. लोक विचारत, आबा, ह्या शब्दाचा अर्थ काय? पंजाबराव गंभीर चेहऱ्याने सांगत, "चला राजे, असा हाय. तिकडं मोठ्या मान्साले असंच म्हन्तात." सगळ्या गावाला तेवढा एक शब्द पाठ झाला. बैलांनी शिकवला म्हणा.

लोणारच्या सरोवराचे दगड पाहायला अधूनमधून गोरे शास्त्रज्ञ येत. त्यांची जीप रस्त्याला दिसली, की पंजाबरावांच्या शेतात हटकून काहीतरी काम निघे. दोन-दोन दिवस माणूस बांधावरून हलत नसे. कुणाला संशय आला नाही, कारण गावाला संशय घेण्यापेक्षा जर्मनवाला आबा असण्यात जास्त मजा होती.

पंच्याऐंशी साली ग्रामपंचायतीत टीव्ही आला. लाकडी पेटीत, दोन दारं आणि कुलूप, किल्ली सरपंच वामनरावांच्या जानव्याला. कौलावर बांबू, बांबूवर अँटेना. पडद्यावर निम्मी चित्रं आणि निम्म्या मुंग्या. रविवारी संध्याकाळी बातम्यांच्या आधी अर्धा तास एक परदेशी विनोदी मालिका लागायची. एक जाडा पाववाला, त्याची त्याहून जाडी बायको, आणि हाताखाली एक काडीसारखा नोकर, जो दर खेपेला पावांचा तवा पाडायचा. बनवलेली जर्मनीत, पण वरून इंग्रजी बोलणं चिकटवलेलं. मागे माणसं हसल्याचा आवाज यायचा. गाव आपलं गप्प बसून त्या हसणाऱ्यांकडे पाहायचं.

दुसऱ्याच रविवारी वामनरावांनी विचारलं, "आबा, हे काय बोलून राह्यले?"

पंजाबराव पडद्याकडे पाहत होते. इंग्रजी त्यांना ओ की ठो कळत नव्हती. पण ते ओठ त्यांच्या ओळखीचे होते. आवाज इंग्रजी आणि ओठ जर्मन. पाववाला नोकरावर ओरडला तेव्हा त्याचं तोंड जसं झालं, तसं तोंड त्यांनी तीन वर्षं रोज पाहिलं होतं. आवाज नसतानाही तो शब्द त्यांना ऐकू आला.

"मान्सं जर्मनीची हायेत," ते म्हणाले. "पाहा, ओठ एक बोलते अन् आवाज दुसरा येते."

सगळ्यांनी पाहिलं. खरंच की. गावाला ते इतके दिवस दिसलं नव्हतं. त्या एका खऱ्या वाक्यावर पंजाबरावांना टीव्हीशेजारची खुर्ची मिळाली. सरपंचाची खुर्ची होती ती.

मग दर रविवारी पंजाबराव खुर्चीत बसत आणि पडद्यावरची माणसं वऱ्हाडी बोलू लागत. मालिका राहिली बाजूला, पंजाबराव आपल्या मनाचं बोलत. आणि मनात काय होतं म्हणाल, तर गावातल्या माणसांची उणीदुणी. पाववाल्याच्या तोंडून रंगरावाने चोरलेला बांध निघे. बायकोच्या तोंडून झुंबरबाईचं घोरणं, तिचा बेढबपणा, तिची करपलेली भाकरी. सबंध गाव तिच्याकडे वळून हसे, आणि झुंबरबाई पदर तोंडात धरून तीही हसल्यासारखं करी. दर रविवारी एकाचं कातडं सोलायचं असा पायंडाच पडला. ज्याचं सोललं जाई तो त्या दिवशी गप्प, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याचं सोलताना सर्वांत मोठ्याने हसणारा तोच.

काडीसारख्या नोकराला त्यांनी नाव दिलं सहदेव.

सहदेव हा गावातलाच, तिशीचा माणूस. लोणारच्या विश्रामगृहावर चौकीदार होता. साहेबांचं पाणी भर, ताटं घास, कंदील पूस. एक फाटकं पुस्तक कुठूनसं मिळवून तो इंग्रजी शिकत होता. चांगली शिकून घ्यावी, साहेबांना सरोवर दाखवत हिंडावं, ताटं घासणं सुटावं, एवढी त्याची झेप. पारावर बसून तो ओठांतल्या ओठांत घोकायचा, आणि पंजाबराव जाता जाता विचारायचे, "काय बे, आली का इंग्रजी? का अजून ताटातच हाय?"

एका रविवारी सहदेवाच्या तोंडून निघून गेलं. म्हणाला, "आबा, तो तसं नाही म्हणून राह्यला. पाव करपला म्हणते तो. तितकंच."

खरं तर तिथल्या निम्म्या माणसांना आतून कळलं की सहदेव म्हणतो तेच खरं. पण करपलेल्या पावात काय गंमत? "गप बस बे," म्हणत लोकांनी त्याला दाबलं. पंजाबराव मात्र घाबरले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बोट ठेवलं होतं. आणि घाबरलेला माणूस दयाळू नसतो.

सहदेवाची बायको तीन वर्षांपूर्वी माहेरी, जळगाव जामोदला, गेली ती आली नव्हती. का आली नाही हे गावात कुणी त्याच्यासमोर काढत नसे. पुढच्या रविवारी पडद्यावर काड्या नोकराला एक पत्र आलं. तो ते वाचू लागला, आणि पंजाबरावांनी बायकी आवाज काढला.

"धनी सहदेव यांस. म्या येत नाही. तुमच्या हाताले घरच्या अन्नाचा वास नाही. दुसऱ्याच्या खरकट्याचा येते. अंगाले हात लावला की मले वकारी येते."

गाव इतकं हसलं की वामनराव पेटीला धरून उभे राहिले. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणी मांडी बडवली. सहदेव जागचा हलला नाही. पूर्ण अर्धा तास बसला, बातम्या सुरू झाल्या तेव्हा उठला, धोतराची धूळ झटकली आणि गेला. त्या रात्री त्याने हात राखेने घासले की नाही, कोण जाणे. मला वाटतं, घासले असतील.

महिन्याभरात विश्रामगृहावर एक म्हातारा जर्मन येऊन उतरला. सत्तरीचा, हातात काठी, कानाने जरा बहिरा, सरोवराच्या दगडांवर जीव टाकणारा. त्याला चहा देताना सहदेवाने पुस्तकातली चार वाक्यं जोडून सांगितलं, की आमच्या गावात एक माणूस आहे, तो तुमच्या देशात राहिलेला आहे, त्याला तुमची बोली येते. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तीन आठवडे त्याला कुणी घरची भाषा बोलणारं भेटलं नव्हतं. त्याने बॅगेतून स्वच्छ सदरा काढला.

सहदेवाने रविवार निवडला. जीप गावाच्या अलीकडे ओढ्यापाशीच उभी करायला लावली, कारण जीपचा आवाज आला तर आबा शेताकडे पळतील हे त्याने फार आधी ताडलं होतं. तिथून म्हाताऱ्याला पायवाटेने आणलं.

पंचायत गच्च भरली होती. पंजाबराव दाराकडे पाठ करून खुर्चीत होते. जाडी बायको लाटणं घेऊन धावत होती आणि पंजाबराव तिच्या तोंडी झुंबरबाईचं माहेर घालत होते. म्हातारा दारात उभा राहिला, पडद्याकडे पाहून खूश होऊन हसला. आपल्याकडचा कार्यक्रम, इतक्या लांब.

"आबा," सहदेव म्हणाला, "पाहुना आनला. जर्मनीचा. तुमच्या मेमच्या मुलखातला."

वामनरावांनी टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं. सगळी पंचायत वळली, आणि पंजाबरावांनाही वळावं लागलं.

ह्या क्षणाची तयारी त्यांनी कितीतरी वर्षं करून ठेवली होती. हात जोडायचे, हसायचे, आणि म्हणायचं की दात पडले, आता उच्चार होत नाही. त्यांनी हात जोडायला घेतलेही. पण म्हातारा बहिरा. बहिरी माणसं बोलतात तसा तो मोठ्याने बोलला, आनंदाने काठी फरशीवर आपटून. त्या बोलण्यात काय होतं? बहुतेक एवढंच, की दोस्ता, कुठे होतास, कुठल्या गावी. पंजाबरावांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना फक्त आवाज ऐकू आला आणि काठी ऐकू आली.

ते उठले. उठले म्हणजे उभे फेकले गेले. टाचा जुळल्या. टोपी डोक्यावरून निघून मांडीला चिकटली. छाती पुढे, डोळे समोर भिंतीवर. आणि चौसष्ट वर्षांच्या घशातून वीस-बावीस वर्षांच्या पोराचा आवाज निघाला, खणखणीत, अजिबात न अडखळता :

"झीबन, नुल, फीअर."

सात, शून्य, चार : हा कैद्याचा नंबर आहे, हे गावात कुणाला समजलं नाही. म्हाताऱ्याला समजलं. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि त्याच्या आतलं सगळं निघून गेलं. त्याने डोक्यावरची हॅट काढली. पुढे होऊन तो अगदी हळू काहीतरी बोलला. दोन वाक्यं असतील. पण हळू बोललेली जर्मन पंजाबरावांनी आयुष्यात ऐकली नव्हती. त्यातला एकही शब्द त्यांना कळला नाही. म्हाताऱ्याने त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला, आणि पंजाबरावांनी दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन मान खाली घातली.

पहिलं कोण हसलं? गावात अजून वाद आहे. रंगराव म्हणतो मी नाही. पण एक हसला आणि धरण फुटलं. मेमने लोणी लावून खाऊ घातलेला आबा चापट चुकवत उभा होता. मागे पडद्यावर काड्या नोकर नेमका तसाच हात डोक्यावर घेऊन उभा होता, आणि लोक एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत लोळत होते.

सहदेव खुर्चीपाशी आला. पंजाबरावांचाच सूर लावून तो बोलू लागला.

"साहेब म्हणते, काऊन बे, ताटं घासली का? आबा म्हणते, हाव जी, घासली जी, मारू नोका. साहेब म्हणते, लोणी खाल्लं का? आबा म्हणते, नाही जी, मेमनं नुसतं दाखवलं."

पंजाबरावांना हे ऐकू येत होतं. एकेक शब्द कळत होता. त्यांना खाली बसायचं होतं, शिवी द्यायची होती, निदान डोक्यावरचे हात तरी खाली घ्यायचे होते. पण बसा म्हटल्याशिवाय बसायचं नसतं, हे त्या अंगाला माहीत होतं, आणि अंग त्यांचं ऐकत नव्हतं.

मग सहदेव त्यांच्या पाठीमागे गेला आणि बैलाला म्हणावं तसं म्हणाला, "लोस."

पंजाबराव चालू लागले. दोन पावलं, तीन पावलं, बसलेल्या माणसांच्या रांगेतून, दोन्ही हातांची ओंजळ पोटाशी धरून. वाडगं धरतात तशी. भिंत आली तेव्हा थांबले.

त्या रात्री लोक सांगत होते, की इतकं हसणं टीव्ही आल्यापासून झालं नव्हतं. म्हाताऱ्या जर्मनाने सहदेवाला विचारलं, ही माणसं का हसतायत? सहदेवाने बरोबर उच्चार करून सांगितलं, "कॉमेडी, सर." त्याचं इंग्रजी तेवढ्यापुरतं अगदी चोख होतं. म्हातारा भिंतीपाशी पुन्हा गेला नाही. जाण्याची त्याची हिंमत झाली नसावी. हॅट हातातच धरून तो ओढ्याकडे चालता झाला.

दुसऱ्या दिवशी निघताना त्याने एक पाव आणि लोण्याचा डबा पंजाबरावांसाठी दिला. बिचाऱ्याला वाटलं असेल, काहीतरी द्यावं. सहदेवाने तो डबा भर पारावर, दहा माणसांत, पंजाबरावांच्या पुढ्यात ठेवला. "घ्या आबा, मेमचं लोणी आलं." पंजाबराव उठून घरी गेले. लोणी पारावरच्यांनी खाल्लं, आणि खारट आहे म्हणून नावंही ठेवली.

टीव्हीशेजारच्या खुर्चीत आता सहदेव बसतो. पहिल्या रविवारी त्याने इमानाने खरं तेच सांगितलं, पाव करपला, पीठ संपलं, घंटा वाजली. कुणी हसेना. दुसऱ्या रविवारी त्याने काड्या नोकराचं नाव बदलून पंजाबराव ठेवलं, आणि पंचायत पुन्हा भरू लागली. त्याची बायको काही परत आली नाही, आणि ताटंही तो अजून घासतोच.

गावात कुणीही, कुठूनही, पंजाबराव दिसले की ओरडतं, लोस. बायका पाणवठ्यावरून ओरडतात. अंगाला सवय होते म्हणतात, पण पंजाबरावांच्या अंगाला दुसरीच सवय होती. प्रत्येक वेळी पाय उचलला जातो, मग ते स्वतःला धरतात, आणि तो उचललेला पाय पाहायलाच लोक थांबलेले असतात. बैल त्यांनी सिंदखेडच्या बाजारात विकले. शेतात जाणं सोडलं. दिवसभर ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसून राहतात.

झुंबरबाई मात्र टीव्हीला जायची चुकत नाही. एका रविवारी ती परतली तेव्हा डोळे पुसत होती, आणि ते डोळे हसून हसून ओले झाले होते. तिने चूल पेटवली, भाकरी टाकली. भाकरी एका बाजूने करपली. तिने ती तशीच टोपल्यात ठेवली.

"जेवाले या," ती म्हणाली.

पंजाबराव हलले नाहीत.

"या म्हन्लं ना. थंडी होते."

ते भिंतीकडेच पाहत राहिले. मरू दे, खायचंच नाही, असं त्यांच्या मनात होतं. जगात हट्ट करायला आता तेवढं एकच माणूस उरलं होतं.

झुंबरबाईने थोडा वेळ वाट पाहिली. तिला राग आला नव्हता. भाकरी थंड होत होती आणि भांडी घासायची बाकी होती, एवढंच. ती चुलीपासूनच, आवाज न चढवता म्हणाली,

"लोस."

पंजाबराव उठले. ताट दोन्ही हातांनी पोटाशी धरून चुलीपुढे येऊन उभे राहिले, टाचा जुळवून. तिने करपलेली भाकरी वाढली, वर पिठलं घातलं, आणि बसा म्हणाली, तेव्हा ते बसले. त्या दिवसापासून तिला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.